उपराष्ट्राध्यक्षाला मागणी

"राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेल्या माणसानं दुसऱ्याच्या तोंडानं बोलू नये!" याव आम्पोफो यांनी सकाळी घानाच्या राजधानीत, आक्रात, पक्षाच्या बैठकीत टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं. दुपारी ते मांकेसिम गावातल्या एका अंगणात, प्लास्टिकच्या खुर्चीवर, तोंड मिटून बसले होते!

इलाजच नव्हता. उद्या अर्ज भरायचा शेवटचा दिवस, आणि उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराची सही नसेल तर यावसाहेबांचा अर्ज म्हणजे रद्दी. ठरलेल्या गृहस्थांनी आयत्या वेळी पाठ फिरवलेली. उरल्या आराबा क्वान्सिमा, मांकेसिमच्या बाजाराची राणी. या बाईंनी भुवई उडवली की टोमॅटोचा भाव उतरायचा, आणि बाजारभरच्या बायकांची मतंही त्याच भुवईवर! पण घरातल्या थोरांपुढे पाहुण्यानं स्वतः बोलणं म्हणजे उद्धटपणा. सोबत मध्यस्थ हवा, आणि श्नाप्स दारूच्या दोन बाटल्या.

घाईत मध्यस्थ मिळाले क्वाकू बोआहेन. आवाज नगाऱ्यासारखा, पण जन्मभर केलेला उद्योग एकच, लग्नं जमवणं. वाटेत यावसाहेबांनी त्यांना पक्षाचं धोरण सविस्तर समजावलं. बोआहेन घोरत होते.

आता ते उठले, बाटल्या पुढे ठेवल्या आणि जिभेला सवय होती तेच बोलले, "मामासाहेब, रस्त्यानं जाताना तुमच्या अंगणात एक सुंदर फूल दिसलं. आमचा गडी ते न्यायला आलाय!"

आराबाबाईंचे मामा एसुमान, म्हणजे घराण्याचे प्रमुख, सरसावून बसले. "गड्याचं वय?"

"बासष्ट. पण चाल घोड्याची!"

यावसाहेबांनी बोआहेनांचा सदरा ओढला. तोंड उघडणार, तोच आराबाबाईंची मावशी खेकसली, "गप! नवऱ्यामुलानं बोलायचं नसतं!"

मामांनी एक बाटली उघडलीसुद्धा. चार थेंब पूर्वजांसाठी जमिनीवर, बाकीचे वंशजांसाठी पेल्यांत. "पहिल्या बायकोची समजूत काढलीत? रीत आहे."

"आत्ता काढतो!" बोआहेनांनी फोन लावला. "वहिनी, अभिनंदन! घरात धाकटी येतेय!"

पलीकडून जो आवाज आला त्यानं अंगणातल्या कोंबड्या भिंतीवर चढल्या.

यावसाहेब ताडकन उभे राहिले. रीत गेली खड्ड्यात! "मला बायको नकोय! उपराष्ट्राध्यक्ष हवीय!"

मामा कडाडले, "नकोय? बाटली अर्धी झाल्यावर सांगताय? काय खोट आहे हो आमच्या पोरीत?"

पोर छप्पन्न वर्षांची. दाराला टेकून भाजलेल्या शेंगा खात होती.

"मामा, बसा खाली," आराबाबाई पुढे आल्या. "लग्नाला मी नाहीच म्हणणार होते. एका नवऱ्याला मूठमाती दिली, आता दुसऱ्याची धुणी धुवायला मला वेळ नाही. पण सही करते. बाजारातल्या बायकांसाठी मात्र मी बोलणार, माझ्या तोंडानं! मधे बोललात तर भर रस्त्यात प्रचाराच्या गाडीतून उतरवीन. मग राष्ट्राध्यक्ष असा नाहीतर आणखी कोणी!"

"मंजूर!"

टोमॅटोच्या खोक्यावर कागद ठेवून बाईंनी झोकात सही ठोकली. "सांगा त्या मोठ्या पक्षांना, मांकेसिम येतंय म्हणावं!"

अंगणभर आरोळी उठली. यावसाहेबांची छाती फुगली. आता येऊ दे कोण येतंय ते! एकही विरोधक असा नाही की ज्याच्यापुढे हा याव आम्पोफो मान खाली...

खिशातला फोन वाजला. पडद्यावर बायकोचं नाव!

यावसाहेब मामांपुढे वाकले आणि जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, "आराबाबाईंच्या त्या मावशींना जरा आमच्या हिच्याशी बोलायला सांगता का? माझ्या वतीनं?"