राखीव नमुना

साहेबांनी जिना चढण्यास नकार दिला आणि त्यासाठी काही कारण द्यावे असे त्यांना वाटले नाही. पहिल्या पायरीपाशी ते बसले, वर एकवार नजर टाकली, सविस्तर जांभई दिली आणि पुढच्या पंजांवर हनुवटी टेकवून डोळे मिटले.

"चला," तपासनीस म्हणाले.

साहेबांनी एक कान हलवला. पण तो माशीसाठी होता.

"अहो, उचला आता!" तिसऱ्या मजल्यावरून बायकोचा आवाज आला. "त्यांचं म्हणणं स्पष्ट आहे!"

साबणाच्या कारखान्यात वडीचा रंग, वजन आणि फेस तपासण्यात उभे आयुष्य घालवून तपासनीस निवृत्त झाले, तेव्हा 'यापुढे मी कोणालाही साहेब म्हणणार नाही' अशी घोषणा त्यांनी केली होती. त्याच आठवड्यात घरी आलेल्या पिल्लाचे नाव बायकोने मुद्दाम साहेब ठेवले. पिल्लू वाढले, पोसले गेले, म्हातारे झाले, आणि आता त्या साहेबांना छातीशी धरून बिनलिफ्टच्या इमारतीचे तीन मजले चढण्याची वेळ तपासनीसांवर आली होती. वर पोहोचले तेव्हा फोन वाजत होता. मुलीचा होता.

"बाबा, कोण धापा टाकतंय? साहेब का?"

"साहेब मजेत आहेत."

"म्हणजे तुम्ही. परत उचलून आणलंत ना त्याला? हे बघा, पुढच्या महिन्यात मला सुट्टी मिळाली की मी येते आणि त्याला इकडे घेऊन जाते. इथे अंगण आहे, जिना नाही."

"तिथे त्यांना करमायचं नाही."

"त्यांना, की तुम्हाला?"

तपासनीसांनी या प्रश्नाचे उत्तर टाळले, कारण ते त्यांना ठाऊक होते. निवृत्तीनंतर सकाळी उठावे असे एकच कारण त्यांच्यापाशी उरले होते आणि ते कारण या क्षणी पंख्याखाली पालथे पडून घोरत होते. बऱ्याच वादानंतर तह झाला. मुलगी येईल त्या दिवशी साहेब स्वतःच्या पायांनी घरापर्यंत चढले तर राहतील. न चढले तर जातील.

"पण ढकलायचं नाही हं, बाबा," मुलीने बजावले.

"मी उभ्या आयुष्यात नमुन्याला हात लावलेला नाही," तपासनीस दुखावल्या स्वरात म्हणाले.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी साहेबांचे चारही पाय वाकवून पाहिले. "सांध्यांना काही झालेलं नाही. वजन वाढलंय, स्नायू सैल पडलेत, केस निस्तेज झालेत. आळसावलाय तो. जेवणात थोडी जवसाची पूड घाला, माशाचं तेल, अंड्याच्या टरफलाची पूड आणि उकडलेला लाल भोपळा. सगळं नैसर्गिक आहे. प्रमाण मी सांगते तेवढंच. आणि लक्षात ठेवा, हे पूरक आहे. चालणं-फिरणं हवंच."

"गुण येतो याने?"

"येतो बऱ्याच जणांना."

'बऱ्याच जणांना' हा शब्दप्रयोग तपासनीसांना रुचला नाही. फेसात फरक पडला हे सिद्ध करायचे, तर ज्या वडीत काहीच नवे घातलेले नाही अशी एक वडी शेजारी असावी लागते. तिला कारखान्यात राखीव नमुना म्हणत. राखीव नमुन्यावाचून काढलेला निष्कर्ष म्हणजे नुसती अफवा, असे त्यांचे मत होते आणि या मतापायी त्यांची दोनदा बढती हुकली होती.

सुदैवाने असा नमुना तळमजल्यावरच उपलब्ध होता. तिथे शिंपीमास्तरांचे दुकान होते, आणि मास्तरांचा बटण्या हा साहेबांचा सख्खा भाऊ होता: एकाच आईचा, एकाच वेतातला आणि तितकाच सुस्त. दिवसभर तो शिवणयंत्राखाली चिंध्यांच्या ढिगावर पडलेला असे.

"म्हणजे तुमच्या कुत्र्याने खायचं आणि आमच्या कुत्र्याने बघायचं?" मास्तरांनी दातांत धरलेली टाचणी काढून विचारले.

"बघायचंही नाही. त्याने फक्त आहे तसं राहायचं. तुम्ही त्याला नवीन काही द्यायचं नाही, एवढंच."

"हे जमेल. काही न करण्यात तो तयार आहे. पण मोजमाप मी घेणार. छाती, कंबर, सगळं. टेपला दुसऱ्याने हात लावलेला मला चालत नाही."

प्रयोग सुरू झाला. तपासनीसांनी औषधांच्या दुकानातून काटा आणला, टरफले भाजून कुटली, भोपळा उकडला. माशाच्या तेलाची बाटली उघडताच मात्र बायकोने नाकाला पदर लावून स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवले. "हा वास घरात नको. साहेबांची पंगत बाहेर!"

त्यामुळे स्टीलचे भांडे दाराबाहेरच्या मोकळ्या जागेत ठेवले जाऊ लागले. भांडे ठेवायचे, साहेबांना त्यासमोर बसवायचे आणि आत येऊन दार लावायचे, असा तपासनीसांचा शिरस्ता होता. बायकोला तो विचित्र वाटे.

"खातात की नाही ते बघा तरी उभं राहून."

"मुळीच नाही. तपासणारा समोर उभा राहिला की कामगार वेगळं वागतो आणि गेला की वेगळं. मला खरं वागणं हवंय."

थोड्या वेळाने दार उघडले की भांडे लख्ख चाटलेले असे आणि साहेब भिंतीकडे तोंड करून बसलेले असत. तपासनीस समाधानाने भांडे विसळीत, साहेबांना उचलून खाली नेत आणि दुपारपर्यंत मास्तरांच्या दुकानात ठेवून भाजी, दूध आणि वाचनालय उरकीत.

पहिल्या मोजणीत काही फरक आढळला नाही. दुसऱ्या मोजणीच्या वेळी मास्तरांनी टेप दोनदा लावला.

"तपासनीस, कंबर बोटभर उतरलीय."

"उतरणारच! जवस आहे ते!"

"साहेबांची नाही. बटण्याची."

बटण्या चिंध्यांवरून उठला, अंग ताणून उभा राहिला आणि उडी मारून फळीवर चढला. त्याच्या पाठीचे केस नव्या सॅटिनसारखे चमकत होते. साहेब तेवढ्यात त्याच्या रिकाम्या जागेवर सरकून झोपले. त्यांची कंबर होती तिथेच होती. किंबहुना थोडी पुढे आली होती.

तपासनीसांचा चेहरा उतरला. "मास्तर, खरं सांगा. राखीव नमुन्यात काय मिसळलंत?"

"मी? काही नाही! वरण नाही, भात नाही, जे रोज देतो तेच!"

"मग ही चकाकी कुठून आली?"

"जन्मजात असेल! आमच्या घरात सगळ्यांचेच केस चांगले आहेत!"

"तुम्ही शिस्त मोडलीत. माझा कुत्रा जाणार तो तुमच्या हलगर्जीपणाने!"

"आणि तुमचा कुत्रा सुधारत नाही म्हणून माझा बिघडवू का मी? घ्या तुमचे साहेब, उद्यापासून ठेवू नका इथे!"

तपासनीस साहेबांना घेऊन वर आले, ते नेहमीपेक्षा अधिक धापा टाकीत. दुपारी भांडे पुढे केले, साहेबांनी ते हुंगले आणि तोंड फिरवले. संध्याकाळीही तेच. आज मास्तरांकडे दुपारपर्यंत थांबणे झाले नव्हते आणि साहेब प्रथमच भुकेले दिसत होते. बायकोच्या मनात काहीतरी चमकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडे बाहेर ठेवून तपासनीस आत आले तेव्हा तिने त्यांचा दंड धरला. "या इकडे. दाराच्या भोकातून बघा."

"अगं, निरीक्षणामुळे..."

"भोकातून बघितलेलं त्यांना कळत नाही. बघा!"

तपासनीसांनी डोळा लावला. साहेब भांड्यासमोर बसले होते. इतक्यात जिन्यावर नखांची टकटक ऐकू आली आणि वळणावर बटण्या प्रकटला. तीन मजले चढूनही तो ताजातवाना होता. त्याने साहेबांच्या नाकाला नाक लावले. साहेब अदबीने बाजूला सरकले, भिंतीकडे तोंड करून बसले, आणि बटण्याने जवस, तेल, टरफल आणि भोपळा यांचा शास्त्रशुद्ध प्रमाणात फडशा पाडला.

"रोज चढतोय हा," तपासनीस पुटपुटले. "पूरक आहारही याला आणि व्यायामही याला."

"आणि आपले साहेब काय खातात, ते मास्तरांना विचारा."

मास्तरांनी प्रथम ओळख दाखवली नाही. मग सगळे ऐकून ते मशीन थांबवून हसले. "साहेब ना? रोज येतात आणि बटण्याच्या ताटलीतलं जेवतात. बटण्या खायचाच नाही, पोट भरलेलं असायचं त्याचं. आता पाहुण्याला नको कसं म्हणू?"

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही म्हणालात, बटण्याला नवीन काही द्यायचं नाही. नाही दिलं. साहेबांबद्दल तुमची सूचनाच नव्हती!"

तपासनीस स्टुलावर बसले. प्रयोग निर्दोष होता. फक्त नमुने उलटे होते. पूरक आहाराचा गुण निःसंशय सिद्ध झाला होता, पण तो भलत्याच कुत्र्यावर, आणि मुलीची सुट्टी मंजूर झाल्याचा निरोप सकाळीच आला होता.

"साहेबांना दुसऱ्याचं ताट लागतं ना?" बायको दारातून म्हणाली. "मग द्या त्यांना बटण्याचं ताट."

बटण्याची ताटली पांढऱ्या मुलाम्याची, काठाला टवके उडालेली आणि फरशीवर सरकली की कर्कश किरकिरणारी होती. तपासनीसांनी तिच्यात जवस आणि भोपळा वाढून ती दुकानात ठेवली. साहेबांनी ती पुसून काढली. बटण्याला त्याचे नेहमीचे जेवण साहेबांच्या स्टीलच्या भांड्यात मिळू लागले आणि दोघेही भाऊ परस्परांना फसवल्याच्या आनंदात जेवू लागले.

मग ताटली पायरीवर गेली. पुढे आणखी वरच्या पायरीवर. साहेब कुरकुरत, थांबत, पण ताटलीमागे निघाले. हळूहळू त्यांची पाठ चमकू लागली आणि शेपूट, जे निवृत्त झाले असावे असे सर्वांना वाटले होते, ते पुन्हा कामावर रुजू झाले. तपासनीस दिवसातून अनेकदा ताटली घेऊन वरखाली करीत. दुसऱ्या मजल्यापर्यंत मजल गेली, आणि नेमकी त्या टप्प्यावर मुलगी आली.

ती पट्टा आणि प्रवासाची पेटी घेऊनच आली होती. तपासनीसांनी ताटली भरून थेट तिसऱ्या मजल्यावर, घराच्या दाराशी ठेवली आणि ते खाली आले. साहेब चढू लागले. पहिला मजला झाला. दुसरा झाला. दुसऱ्या मजल्यावर, जिथे काल ताटली होती तिथे, आज काहीच नव्हते. साहेबांनी फरशी हुंगली, बसले आणि जांभई दिली. ती जांभई तपासनीसांच्या ओळखीची होती.

मास्तर तपासनीसांच्या कानाशी येऊन कुजबुजले, "मागून एवढंसं ढकला. ती बघत नाहीये."

"नाही."

"अहो, तुमचा कुत्रा जाईल!"

"जाईल," तपासनीस म्हणाले. "ठरलं ते ठरलं. नमुन्याला हात लावायचा नाही." त्यांनी मुलीपुढे हात केला. "दे तो पट्टा. मीच बांधतो. तुझ्या हातून बांधलेला त्यांना आवडायचा नाही."

मुलीने पट्टा दिला नाही. ती काही बोलणार, तोच वरून एक आवाज आला: मुलाम्याची ताटली फरशीवर किरकिरत सरकत होती.

"बटण्या!" मास्तर ओरडले. "मघाशी दुकानात नव्हताच तो!"

बटण्या आपल्या हक्काच्या ताटलीचा ताबा घेत होता. न्यायाने पाहता ताटली त्याचीच होती. पण साहेबांचे न्यायाविषयीचे मत वेगळे होते. त्यांचे दोन्ही कान उभे राहिले. ते उठले. आपल्या ताटात दुसरे तोंड जात आहे हे लक्षात येताच, अनेक वर्षांत न भुंकलेले साहेब भुंकले आणि उरलेला जिना त्यांनी दोन-दोन पायऱ्या घेत पार केला. वर थोडी गुरगुर झाली. मग दोन जिभांचा एकाच ताटलीतला आवाज येऊ लागला.

सगळे मागोमाग वर धावले. तपासनीस सर्वांत पुढे होते. दाराशी थांबून मुलीने वडिलांकडे टक लावून पाहिले.

"बाबा, तुम्हाला धाप लागली नाही."

"मला? नाही. का?"

"अहो, मला त्याची काळजी कुठे होती? फोनवर तुम्ही धापा टाकायचात, त्याची होती." तिने पट्टा पेटीत टाकला आणि पेटी बंद केली. "राहू दे त्याला. पण उचलायचं नाही."

"उचलायची सोयच राहिली नाही," बायको म्हणाली. "बघ तरी, दोघांनी मिळून माझं पायपुसणंही चाटलं."

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी साहेबांना टेबलावर चढवण्यासाठी हात पुढे केले, तोवर साहेब स्वतःच उडी मारून वर उभे होते.

"वा! छान गुण आला की! कशाने पडला फरक? जवसाने, तेलाने, की टरफलाने?"

तपासनीसांनी विचार केला. पुरावा नसलेले विधान त्यांच्या तोंडून जाणे शक्य नव्हते.

"त्यांचाही वाटा असावा," ते म्हणाले. "पण मुख्यतः भावाने."

"हा पूरक मी ऐकला नाही. नैसर्गिक आहे?"

"अगदी नैसर्गिक."

"आणि प्रमाण किती?"

"दिवसातून दोनदा," तपासनीस गंभीरपणे म्हणाले, "जेवणाच्या वेळी, समोर उभा करून."