फाटकं टोकन

मास्तरांना आज काहीही करून आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचं होतं. हयातीच्या दाखल्याचा शेवटचा दिवस. चार वाजेपर्यंत दाखला मिळाला नाही, तर पुढच्या महिन्यापासून पेन्शन बंद. "हात हलवत परत येऊ नका," बायकोने दारातच बजावलं होतं.

पेन्शनची कचेरी गेल्याच आठवड्यात जुन्या नाट्यगृहात हलली होती. संगमरवरी जिना, छतावर सोनेरी वेलबुट्टी, रंगमंचावर तीन टेबलं आणि मखमली खुर्च्यांत ताटकळणारे पेन्शनर. इमारतीबरोबर कचेरीला तिथला डोअरकीपरही मिळाला होता. पस्तीस वर्षं त्याने एकच काम इमानेइतबारे केलं होतं, त्यामुळे आता दुसरं काही जमण्याचा प्रश्नच नव्हता.

मास्तरांनी खिडकीवर टोकन घेतलं आणि दारात दाखवलं. डोअरकीपरने ते चर्रकन फाडलं, अर्धं पेटीत टाकलं, अर्धं परत दिलं.

"अहो, हे काय केलंत?"

"नियम आहे. चौथी रांग, डावीकडे. मोबाईल बंद ठेवा."

पाऊण तासाने नंबर लागला. टेबलामागच्या बाईंनी तो तुकडा चिमटीत धरला. "काका, फाटकं टोकन चालत नाही. नवीन आणा. सकाळपासून बघतेय, तुमच्या वयाच्या कुणाच्या हातात कागद टिकतच नाही!"

नवीन आणलं. ते दारातच फाटलं. तिसरं मास्तरांनी शर्टाच्या आत लपवलं, तर डोअरकीपर आडवा आला. "टोकन दाखवल्याशिवाय आत सोडणार नाही." दाखवलं. फाटलं.

"माझं पाचवं," शेजारचे आजोबा थंडपणे म्हणाले. मास्तरांनी जन्मभर भूगोल शिकवला होता, पण या एका दारातून अख्खं टोकन आत कसं न्यायचं हे काही केल्या त्यांच्या लक्षात येईना.

साडेतीनला त्यांचं डोकं फिरलं. त्यांनी डोअरकीपरचा हात धरला आणि त्याला थेट रंगमंचाकडे ओढत नेलं. तो पायरीशी थबकला. इतक्या वर्षांत त्याने रंगमंचावर पाय ठेवला नव्हता. चपला काढूनच तो वर चढला.

"तुम्ही फाडता टोकनं?" बाई ओरडल्या.

"मग? न फाडलेलं टोकन म्हणजे माणूस बाहेर. फाडलेलं म्हणजे माणूस जातीने आत आलेला. मी स्वतः बघून फाडतो, बाई. आजवर एकदाही चूक नाही."

बाई गोंधळल्या. हयातीच्या दाखल्याला तरी दुसरं काय लागतं? त्यांनी मुकाट्याने शिक्का मारला. चौथ्या रांगेतून टाळ्या पडल्या.

मास्तर दाखला हातात नाचवत जिना उतरू लागले आणि निम्म्यात त्यांना आठवलं की पिशवी खुर्चीखालीच राहिली. ते घाईघाईने माघारी फिरले. डोअरकीपर चपला घालून पुन्हा दारावर उभा होता. त्याने हात पुढे केला. दिवसभराच्या सवयीने मास्तरांनीही हातातला कागद त्याच्या हातावर ठेवला.

चर्र.

"चौथी रांग, डावीकडे," डोअरकीपर अदबीने म्हणाला.

मास्तरांनी उरलेला अर्धा कागद चष्म्याजवळ नेला. त्यावर त्यांचं पूर्ण नाव होतं आणि पुढे 'हे आजरोजी' एवढंच. 'हयात आहेत' पेटीत गेलं होतं.

आत चारची घंटा झाली आणि डोअरकीपरने दार लावून घेतलं.