महादेवी अक्कांचं सर्टिफिकेट

कलिंगड घेताना माणसं ते कानाशी धरून ठोकून बघतात. आमच्या महादेवी अक्का स्विच घेताना तेच करतात. स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा तो पत्र्याचा चपटा डबा. पुण्यातल्या कंपन्या नवा माल घेतात तेव्हा जुना निम्म्याहून कमी भावात काढून टाकतात. अक्का तो विकत घेतात, वायर लावतात, डोळे मिटून आतल्या पंख्याचा आवाज ऐकतात आणि निकाल देतात, "ह्यो अजून धा वर्सं मरत न्हाय. घ्या."

सोलापुरात त्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहतो. शाळेत इंग्रजी शिकवतो. अक्का मूळच्या अक्कलकोटकडच्या. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि पुण्याच्या व्यापाऱ्याशी फोनवर भाव पाडताना त्यांची स्वतःची एक हिंदी. "नवं कोरं घेऊन काय पूजा घालायची हाय?" हे त्यांचं लाडकं वाक्य. त्यांच्या घरातला फ्रीज जुना, शिलाई मशीन जुनं. माझ्या लग्नात आहेरही त्यांनी 'हलका वापरलेला' म्हणून सांगूनच दिला होता.

दुसरं वाक्य सर्टिफिकेटबद्दल. "कागदातनं डेटा पळत न्हाय, सर. वायरीतनं पळतोय." हे म्हणताना मात्र त्यांचा आवाज जरा कडक व्हायचा. कारण मला ठाऊक होतं. धाकटा भाऊ सिद्धाराम त्यांनीच वाढवलेला. दुकान दोघांनी मिळून काढलं. त्यानं नेटवर्किंगची परीक्षा दिली, पास झाला आणि पुण्याला नोकरीला गेला. तेव्हापासून सणासुदीला एखादा मेसेज, बाकी बोलणं बंद.

मग शहराबाहेरच्या एका नव्या हॉस्पिटलचं मोठं काम निघालं. अक्कांनी सगळ्यात कमी दर दिला. हॉस्पिटलच्या साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडे सर्टिफाइड इंजिनिअर कोण?"

"मीच की."

"सर्टिफिकेट?"

"काम बघा. चाललं तर पैसे द्या."

साहेब हसले आणि काम पुण्याच्या फर्मला गेलं. अक्का परत आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "जुना माल घालायचा म्हटलं की लोक घाबरतात. त्यांचं बी बरोबर हाय. डब्याला ग्यारंटी न्हाय, मग माणसाला तरी पायजे. सर, इंग्रजी शिकवता न्हवं? बसा."

झालं. सिद्धारामनं दिलेली तीच परीक्षा, पुस्तक सगळं इंग्रजीत. वय सेहेचाळीस, शाळा दहावीपर्यंत. रोज दुकान उघडण्याआधी तासभर आमचा वर्ग. मी वाक्याचा अर्थ सांगायचो, त्यातलं तंत्र त्या मला सांगायच्या. एका मोठ्या नेटवर्कचे लहान भाग पाडतात, त्याला सबनेट म्हणतात. मला ते कळेना. अक्का म्हणाल्या, "रानाची वाटणी हो. मधी बांध घालायचा. ह्याची शेरडं त्याच्यात जायची न्हाईत." मला कळलं. पुढे पुस्तकातल्या प्रत्येक आकृतीवर त्या बांध कुठं, वाट कुठं हे पेन्सिलीनं काढू लागल्या. गिऱ्हाइकांनाही तेच ऐकवायच्या. प्रिंटर चालत नाही म्हणून आलेला एक कापडवाला भावकीच्या भांडणाचा सल्ला घेऊन गेला.

पहिल्यांदा पुण्याला जाऊन त्या नापास झाल्या. दुसऱ्या दिवशी दुकान वेळेवर उघडं.

"काय झालं अक्का?"

"नापास. जरा सरका, गिऱ्हाइक आलंय."

संध्याकाळी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून सुरू. दुसऱ्या खेपेला पुण्यात माझंही काम होतं, म्हणून मी सोबत गेलो. परीक्षा कॉम्प्युटरवर, निकाल तिथल्या तिथं. केंद्राबाहेरच्या चहाच्या टपरीवर मी वाट बघत बसलो होतो. अक्का बाहेर आल्या, निकालाचा कागद माझ्यापुढे ठेवला आणि बाकड्यावर बसल्या. पास होत्या. मी अभिनंदन केलं. त्यांचं लक्ष नव्हतं.

"सर, ह्ये एवढं अवघड असतंय, मला म्हाईत न्हवतं," त्या म्हणाल्या. "पोरगं पाटंचं उठून अभ्यासाला बसायचं. मी म्हणायची, दिवा बंद कर, बिल वाढतंय. पास झाला त्या दिवशी मी गोड बी केलं न्हाय."

बराच वेळ त्या फोन हातात धरून बसल्या. मग लावला. त्यातलं कानडी मला दोनच शब्दांपुरतं कळलं. "सिद्धू, ऊट आयता?" म्हणजे जेवलास का.

तो तासाभरात मोटारसायकलवरून आला. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच.

"अक्का, तू हितं कशी?"

"परीक्षा होती."

"कुणाची?"

अक्कांनी कागद पुढे केला. तो उभ्या उभ्या वाचत राहिला. दोन वेळा वाचला असावा. मग अक्कांच्या शेजारी बसला. अक्कांनी पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा पुडा काढून त्याच्या मांडीवर ठेवला.

"धर. मागच्या खेपेला आणलेलं तसंच परत न्यावं लागलं," त्या म्हणाल्या. "नापास झाल्यावर तुझ्याकडं कुठल्या तोंडानं येऊ?"