गिरजा शेळीचा हुंकार

बालमित्रांनो, नीट मांडी घालून बसा. आणि मध्ये मध्ये 'हं' म्हणत जा. कुणी 'हं' म्हटलं नाही की मला पुढची गोष्ट सुचत नाही.

एका जंगलात एक सिंह राहत होता आणि तो फार बोलायचा.

त्याचं नाव रणधुमाळ महाराज. शिकारीचं काम तो दुपारीच उरकायचा. संध्याकाळी मोठ्या शिळेवर बसायचा आणि सुरू व्हायचा. आपण किती शूर, पलीकडच्या जंगलातला सिंह किती भित्रा, लहानपणी गोवर आला तेव्हा आपण कसे रडलो नाही, काहीही. ऐकायला कुणी थांबत नसे. म्हणून महाराजांनी दरबारात एक नवी जागा काढली. हुंकारी. काम एकच. महाराज बोलत असताना समोर बसायचं आणि 'हं' म्हणायचं.

पहिला हुंकारी होता ससा. गोवराची गोष्ट निघायच्या आतच त्याला डुलकी लागली. महाराजांनी त्याला खाल्लं. मग चितळ आलं. ते 'हं, हं, हं' असं घाईघाईने म्हणून गोष्ट संपवायला बघायचं. महाराजांना ते कळलं. त्यांनी चितळही खाल्लं.

मग प्रधान साळिंदरपंत शेळ्यांच्या कळपाकडे आले. यांच्या अंगभर काटे. त्यांना खाणं कुणालाच जमत नसे, म्हणून ते प्रधान होते.

"गिरजाबाई," ते म्हणाले, "ऐकून घेणाऱ्याचा चेहरा आहे तुमचा."

"अहो, मी रवंथ करतेय," गिरजा शेळी म्हणाली. "म्हणून तसा दिसतो."

"तोच हवाय. आज संध्याकाळी या."

गिरजा रवंथ करायची थांबली. तिला काही फार नको होतं. तिला फक्त म्हातारं व्हायचं होतं. शेळ्यांमध्ये ही मोठीच महत्त्वाकांक्षा असते.

त्या संध्याकाळी महाराज शिकारीची गोष्ट सांगत होते. "मी दबा धरून बसलो. समोरून एक शेळी आली. चांगली गुबगुबीत. मी झेप घेतली आणि तिची मान..."

इथे 'हं' म्हणायला हवं होतं. पण गिरजा त्या मानेपाशीच अडकली. आवाजच फुटेना.

महाराज अडखळले. समोरून 'हं' आलं नाही की भल्याभल्यांचं असंच होतं. "कुठे होतो मी?"

"गवतात, महाराज!" गिरजा पटकन म्हणाली. "आपण गवतात बसला होतात."

"हां, गवतात. काय गवत होतं म्हणून सांगू! गुडघाभर. कोवळं. वर दव पडलेलं."

गिरजेच्या तोंडाला पाणी सुटलं. पार पोटातून आवाज आला, "हंऽऽऽ!"

असा हुंकार महाराजांना जन्मात मिळाला नव्हता. ते फुलले. शेळीची मान राहिली बाजूला, ते रात्र पडेपर्यंत गवतावरच बोलले. उठताना म्हणाले, "पंत, ही चांगला हुंकार देते. प्रत्येक हुंकाराला हिला हिरव्या गवताचा एक घास देत चला."

गिरजा घरी आली आणि विचार करू लागली. मुलांनो, शेळीला वाटतं तेवढी कमी अक्कल नसते.

दुसऱ्या दिवसापासून तिने हिशेबाने 'हं' म्हणायला सुरुवात केली. महाराज मांसाबद्दल बोलले की ती गप्प. पाल्याबद्दल बोलले की 'हं'. गवताबद्दल बोलले की 'हंऽऽऽ'. महाराजांना पत्ताच नाही. त्यांना वाटायचं, आज आपल्याला आपोआप गवत सुचतंय. बोलता बोलता एकदा त्यांनी गवताची काडी दातात धरली. "हंऽऽऽ!" मग चघळली. "हंऽऽऽऽ!" मग एक दिवस गिळली. त्या वेळी गिरजेने असा हुंकार दिला की झाडावरची पाखरं उडाली.

आणि दर हुंकाराला पंत पुढे येऊन तिच्या तोंडात एक घास घालायचे. तो घास ती आपला पगार समजायची. म्हणून तिने त्याचा फारसा विचार केला नाही.

होळी यायच्या आत महाराजांनी जाहीर केलं, "आम्ही मांस सोडलं!"

जंगलात आनंदीआनंद झाला. गिरजेला तर माकडांनी पानाफुलांची माळ घातली. ती मान ताठ करून फिरू लागली. पाणवठ्यावर म्हशींना म्हणायची, "राजा काय, सवयीचा प्रश्न असतो. कुठे 'हं' म्हणायचं आणि कुठे गप्प बसायचं, एवढं कळलं की झालं. मी घडवलं त्याला." म्हशी म्हणायच्या, "हं."

पण सिंहाची भूक सिंहाचीच असते. महाराज सकाळी गवत खायचे, दुपारी खायचे, झोपेतून उठून खायचे. जमेना नीट, म्हणून अर्धं तुडवायचे. मग सगळं कुरण राजकुरण झालं. बाकीच्यांनी काटेरी झुडपांवर भागवावं, असा हुकूम सुटला.

कळपातली सगळ्यात वडील शेळी म्हाळसाआत्या. ती तरातरा गिरजेकडे आली.

"काय गं गिरजे, काय करून ठेवलंस हे?"

"आत्या, अहो, तो आता कुणाला खात नाही!"

"आधी तो आपल्यातल्या एकीला खायचा. आता सगळ्यांचं जेवण खातो. पोरांची बरगडी न् बरगडी दिसायला लागली. काही कर, पण त्याला गवतावरून उठव."

गिरजेलाही भूक लागली होतीच. तिने ठरवलं, महाराजांना मासळीवर आणायचं. नदीत मासे पुष्कळ, आणि मासे काही तक्रार घेऊन आपल्या दारात येणार नाहीत. तिला स्वतःची भीती अशी वाटलीच नाही. ज्याला आपण घडवलं, त्याची कसली भीती?

संध्याकाळी महाराज शिळेवर बसले. शेजारी पंत, हातात हिरव्यागार गवताची जुडी. अख्ख्या जंगलात आता तेवढंच हिरवं कळपाच्या वाट्याला यायचं, आणि तेही एकट्या गिरजेच्या.

महाराज गवतावर बोलू लागले. गिरजा गप्प. ते चुळबुळले. मग पलीकडच्या जंगलातल्या सिंहावर बोलले. गिरजा गप्प. गोवरावर बोलले. गप्प. पोटात नुसता खड्डा पडला होता आणि जुडीचा वास थेट नाकात येत होता.

"एकदा मी नदीवर गेलो होतो," महाराज म्हणाले.

"हंऽऽऽ!"

पंतांनी घास दिला. आहाहा! गिरजेने डोळे मिटून घेतले.

"नदीत मासे होते."

"हंऽऽऽ!" घास.

"मासा चवीला बरा असतो म्हणतात."

"हंऽऽऽ!" घास.

सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. फक्त पंतांचा हात आता आधीच पुढे यायला लागला होता. हात दिसला की गिरजेचं तोंड उघडायचं. तोंड उघडलं की 'हं' बाहेर पडायचं. महाराज काय बोलताहेत ते कानात शिरायला जरा उशीर व्हायचा.

"पण माशात काटेच फार."

"हं." घास.

"त्याने काही अंगाला लागत नाही."

"हं." घास.

"अंगाला लागतं ते मटण."

"हं." घास. कुठेतरी काहीतरी चुकतंय, असं गिरजेला वाटलं. पण तोंडातला घास कोवळा होता. तो संपल्यावर बघू, असं तिने ठरवलं.

"त्यातही शेळीचं."

"हं." घास.

महाराज थांबले. पुष्कळ दिवसांनी त्यांना खरी भूक लागल्यासारखी वाटत होती. ते खाली वाकले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "मग गिरजे, तुला खाऊ का?"

गिरजेला प्रश्न ऐकू आला. कळलाही. 'नाही' म्हणायला तिने तोंड उघडलं.

समोर पंतांचा हात होता. हातात घास होता.

"हंऽऽऽ!" गिरजा म्हणाली.

तो घास मात्र तिला मिळाला नाही. पंतांनी तो परत जुडीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हाळसाआत्याकडे गेले.

"आत्याबाई," ते म्हणाले, "ऐकून घेणाऱ्याचा चेहरा आहे तुमचा."

तात्पर्य : तोंडात घास असताना बोलू नये, असं आई सांगते, ते उगीच नाही.

बाकी गोष्टभर तुम्ही किती छान 'हं' म्हणत होतात रे. या, असे जरा जवळ येऊन बसा.