उंबराखालची खडखड

रियाला झोप लागेल अशी जगात एकच जागा होती आणि ती घरात नव्हती. खांदा कॉलनीच्या मागे ओढ्याच्या कडेने चालायची वाट आहे. तिथल्या उंबराच्या मुळांनी पेव्हर ब्लॉक वर उचलले होते, त्यामुळे उंबरापासून छोट्या पुलापर्यंतचा तुकडा एखाद्या म्हातारीच्या दातांसारखा झाला होता. त्यावरून बाबागाडी गेली की खड-खड-खडाक असा ठेका धरायची आणि पूल यायच्या आत सात महिन्यांच्या रियाचे डोळे मिटायचे. झोळी, मांडी, अंगाई, तिच्या बाबाच्या, निकेशच्या, फोनमधला धबधब्याचा आवाज, सगळे हरले होते. रिया झोपली की तिची आई अंकिता उंबराखालच्या बाकावर बसून स्वतःही डोळे मिटायची. अख्ख्या दिवसात तिची झोप काय ती तेवढीच.

हे तिने घरात सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला? तिचे सासरे कमळाकर म्हात्रे त्या वाटेचे हाडवैरी होते. त्यांचे मित्र बळीराम तिथे पाय मुरगळून पडल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, ते पालिकेत तक्रारी करत होते.

"आज सायबाला सरल बोललो, कोन मेल्यावर सपाट करनार काय?" ते चहा पिता पिता सांगायचे.

"राहू द्या ना बाबा," अंकिता म्हणायची. "झाडाच्या मुळांना धक्का लागेल."

"झाडाला काय नाय होत. खाली खडी भरून ब्लॉक बसवायचे. तू नको काळजी करू."

आणि एके दिवशी खरोखर खडी आली.

नवी वाट इतकी सपाट झाली की कमळाकर तिच्याकडे नातीसारखं बघायला लागले. नारळ फोडायला नगरसेवक आले, चालायला येणारी मंडळी जमली. "पयला मान आमच्या रियाचा," कमळाकरांनी जाहीर केलं. गळ्यात झेंडूची माळ घातलेली बाबागाडी अंकिताने पुढे ढकलली. रिया पेंगुळलेलीच होती. तेल लावलेल्या तव्यावरून घावन सरकावं तशी गाडी सरकली. आवाज नाही, धक्का नाही. रियाने थोडी वाट पाहिली. मग डोळे उघडले, फसवल्यासारखं आईकडे पाहिलं आणि सगळी भाषणं संपेपर्यंत रडली.

"भाषनांना कंटाळली," बळीराम म्हणाले.

ती भाषणांना कंटाळली नव्हती. ती त्या दिवशी झोपली नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आणि अंकिताला पुढचे दिवस मोजता येईनात. तिने निकेशच्या पोळीला तुपाऐवजी रियाचं मालिशचं तेल लावलं. निकेशने निम्मी पोळी खाऊन "आज वेगळी चव आहे" एवढंच म्हटलं, तर ती ओट्याला टेकून रडली.

शेवटी निकेशने डोकं चालवलं. हॉलमध्ये लाटणी, उलथणी, पळ्या आणि टीव्हीचा रिमोट ओळीने मांडले, वर चादर घातली आणि गाडी फिरवली. खड-खड-खडाक. रियाची मान कलली. अंकिताने श्वास धरला. तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या आभाताई.

"वरती गिरण टाकलीत का हो? असेल तर माझंही दळण आहे."

रिया टक्क जागी.

दार लागताच अंकिताचा बांध फुटला. "बाबा, ती त्या खडखडीवरच झोपायची. तिथेच. आणि मीपण."

कमळाकरांनी कप खाली ठेवला. "मंग आदी नाय सांगायचं?"

"तुम्ही तीन वर्षं भांडत होतात. कसं सांगू?"

ते उठले. चपला घालून निघून गेले. जेवायलाही आले नाहीत. आता म्हातारा माणूसही दुखावला, एवढंच काय ते राहिलं होतं, असं म्हणत अंकिताने दुपारी गाडी बाहेर काढली. रियाला झोपवायला नाही. खाली निदान आभाताई झोपू देत म्हणून.

उंबरापाशी कमळाकर उकिडवे बसले होते. हातात पहार. वाटेच्या एका कडेने, गाडीच्या चाकांपुरते, एकाआड एक ब्लॉक ते उचकटून तिरपे बसवत होते. तीन वर्षांपूर्वी मुरगळलेल्या त्याच पायावर उभे राहून बळीराम राखण करत होते.

"कमल्या, कोन येतंय बघ रे," बळीराम म्हणाले. "नाय, सूनबाई हाय. ढकल गो गाडी, बघू जमलाय काय."

अंकिताने ढकलली. खड-खड.

"खडाक नाय येत," कमळाकर कपाळाचा घाम पुसत म्हणाले आणि त्यांनी आणखी एक ब्लॉक काढला.

खड-खड-खडाक. पूल यायच्या आत रियाची मान कलली. अंकिता बाकावर टेकली, "बाबा, थँक्..." म्हणाली आणि पुढचं अक्षर झोपेतच राहिलं.

चार वाजता चालायला आलेले दयाराम पेंडसे कडेला पाहून थबकले. "अहो म्हात्रे, पुन्हा उखडलं! आता तक्रार करायलाच हवी."

बाबागाडी पुढे-मागे करत कमळाकरांनी ओठांवर बोट ठेवलं.

"करनार ना. मीच करनार. पन मागच्या टायमाला तीन वर्सं लागली, यंदापन लागतील." त्यांनी बाकाकडे मान केली. "तवर जरा हलू बोला. दोघीपन झोपल्यात."