कुंकू लागल्या यंत्राची स्वारी

श्री गजवदन प्रसन्न. शारदेचे चरणी मस्तक ठेवून आणि ज्यांचे अन्न खाल्ले त्या राज्याचे नाव झाकून, शके १९१९ ईश्वरनाम संवत्सरे माघमासी जे वर्तमान जाहले ते यथास्थित लिहितो. श्रोतेजनांनी चहा घेऊन सावध बसावे.

डोंगराचे पायथ्याशी एक विद्याराज्य होते. छप्पर पत्र्याचे, परंतु दबदबा मोठा. गादीवर राजश्री प्राचार्य शेवडेपंत, आणि त्यांचे अमलात इतिहास, मराठी, अर्थशास्त्र ऐसे परगणे नांदत होते, आणि सर्वांचे शेवटी, सायकलींच्या छपरामागे, भूगोल परगणा होता. तेथील सुभेदार हेमलताबाई दातीर. बाई बोलण्यात गोड, विषयात पक्क्या, परंतु पदरी फौज नाही. विशेष विषय निवडावयाची वेळ आली की पोरे अर्थशास्त्राकडे धावत, कारण तिकडून थेट बँकेत नोकरी लागते ऐसी आवई कोणी उठविली होती, आणि ती खोटी म्हणावयास अर्थशास्त्राचे सरदार कशास बसतात? मग एके दिवशी पंतांनी बाईंस हुजुरात बोलाविले आणि फर्माविले, "बाई, शुक्रवारी मोठ्या हॉलमध्ये पहिल्या वर्षाच्या पोरांपुढं व्याख्यान द्या. त्यानंतर नावं आली तर आनंदच आहे. नाही आली तर भूगोल बंद करून ती खोली मला अर्थशास्त्राला द्यावी लागेल. माझाही नाइलाज आहे." परगणा खालसा म्हणजे बाईंची सुभेदारीही गेली. अर्थशास्त्राच्या सरदारांनी तर त्याच दुपारी टेप आणून भूगोलाची खोली मोजिली आणि पंखा चालतो की नाही हेही पाहून घेतले. बाई घरी येऊन मेथी निवडावयास बसल्या, आणि पाने टाकून काड्या पातेल्यात ठेविल्या, ऐसी चिंता लागली.

मग बाईंनी मनाशी मसलत केली की, पोरांस डोंगरदऱ्या तोंडाने सांगून काय उपयोग, डोळ्यांपुढे ठेविल्या पाहिजेत. आणि मोठे पारदर्शक प्लास्टिक घेऊन त्यावर आपल्या तालुक्याचा नकाशा रंगीत पेनांनी हाताने काढिला. नदी व धरण निळे, डोंगर तपकिरी, गावांची नावे काळी, आणि काम ऐसे नामी साधले की खुद्द बाईंसच त्याचे कौतुक वाटले. परंतु तो भिंतीवर पाडावा तर ओव्हरहेड प्रोजेक्टर पाहिजे. खाली काच, काचेखाली दिवा, वर मान वाकविलेला आरसा. काचेवर चित्र ठेविले की भिंतीवर हत्तीएवढे दिसावे ऐसे ते यंत्र. राज्यात ते एकच होते, आणि यंत्रशाळेचे किल्लेदार सोपानराव येवले यांचे ताब्यात होते. सोपानरावांनी त्यास जरीकाठाची खोळ शिविली होती आणि आल्या दिवसापासून ते कोणास दिले नव्हते. इतिहासवाले मागावयास आले तेव्हा "दिवा नाजूक आहे" म्हणाले, मराठीवाले आले तेव्हा "कवितेला चित्र कशाला लागतं?" म्हणाले, आणि अर्थशास्त्रवाल्यांस तर उंबऱ्यावरूनच "तुमच्याकडं धूळ फार" म्हणून वाटेस लाविले. यंत्र देणे म्हणजे लेक सासरी पाठविणे, ऐसे त्यांचे मन.

हेमलताबाईंनी किल्ल्यास वेढा घातला. प्रथम अर्ज नेला, तो सोपानराव म्हणाले, "साहेबांचा शेरा आणा." शेरा आणिला, तो म्हणाले, "वायर जिमखान्यात आहे." बाई जिमखान्यात गेल्या, तो त्या वायरीने टेबल टेनिसचे जाळे बांधिलेले, ते सोडविले, बदल्यात घरची नाडी दिली, आणि वायर घेऊन आल्या, तो सोपानराव म्हणाले, "यंत्र तापतं हो." तेव्हा बाईंचा धीर सुटला आणि त्या तेथेच स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "सोपानराव, माझा विषय बंद होतोय. शुक्रवारी पोरं वळली नाहीत तर सोमवारी माझ्या खोलीत अर्थशास्त्र बसेल. तुम्हीच सांगा, मी काय करू?" सोपानराव खोळीचा काठ सारखा करून बोलिले, "मी बरोबर येणार. बटण मी दाबणार. तुम्ही फक्त नकाशा ठेवायचा." बाईंस गड हाती आल्याइतका आनंद जाहला.

शुक्रवारी स्वारी निघाली. पुढे सोपानराव यंत्र पोटाशी धरून, मागे बाई नकाशा व वायर घेऊन, आणि व्हरांड्यातील लोक आपोआप बाजूस होत. हॉल पोरापोरींनी भरला होता, कारण त्या तासास इंग्रजीचा तास रद्द जाहला होता. पुढील रांगेत खासा पंत, त्यांचे शेजारी अर्थशास्त्राचे सरदार हाताची घडी घालून बसलेले. खिडक्या लाविल्या, सोपानरावांनी खोळ उतरविली, देवास करतात तैसा यंत्रास नमस्कार केला आणि बटण दाबिले. भिंत लख्ख उजळली, आणि बरोबर मधोमध एक तांबडा, वाटीएवढा, गोल डाग उमटला.

त्याचे कारण ऐसे की, मागील खंडेनवमीस सोपानरावांनी यंत्राची पूजा केली होती. त्या दिवशी राज्यात टाइपरायटरास, सायकलीस, गॅसच्या शेगडीस, ज्यास त्यास कुंकू लागत असे, त्यात वावगे काही नाही. परंतु यंत्राचे कपाळ कोणते हे कोणास ठाऊक? सोपानरावांनी ओल्या कुंकवाचे बोट काचेच्या ऐन मध्यावर टेकविले, वर झेंडू वाहिला, खोळ घातली, आणि त्यानंतर दिवा लागला तो आजच.

हॉल हसावयास लागला. बाईंनी घाईने रुमाल काढिला, इतक्यात सोपानराव गरजले, "बाई, कुंकू पुसू नका!"

"अहो, डाग दिसतोय भिंतीवर!"

"डाग काय म्हणता? पूजेचं आहे ते. बाईमाणूस असून कुंकू पुसता?" आणि एक हात बटणावर ठेविला की, पुसाल तर दिवा मालवीन.

पोरे बाकांवर लोळू लागली. बाईंनी पंतांकडे पाहिले, तो पंत छताकडे पाहात होते, कारण कुंकू पुसा ऐसा हुकूम कोणत्या तोंडाने द्यावा? अर्थशास्त्राच्या सरदारांस मात्र गालातल्या गालात हसू फुटत होते. बाईंस आता सर्व संपले ऐसे वाटले, आणि त्यांनी रुमाल कमरेस खोवून नकाशा काचेवर ठेविला, जे होईल ते होवो म्हणून.

तो तिसऱ्या बाकावरून एक मुलगी किंचाळली, "बाई! कुंकू आमच्या वाघजाळीवर पडलं!"

बाई थबकल्या. मग म्हणाल्या, "वाघजाळीची का तू? तुमच्याकडं विहिरीच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही. हो ना?"

"अय्या, हो! तुम्ही आला होतात?"

"नाही गं. पण गावाखाली काय आहे ते ठाऊक आहे." आणि बाईंनी चुनखडीची गोष्ट सांगितली, पाणी त्यातून झिरपते कैसे आणि जड होते कैसे, आणि मुलीची आई रोज कपडे आपटून कां दमते. पोरगी तोंड उघडे टाकून ऐकू लागली. तो मागून एकजण उठला, "बाई, बोरखिंड घ्या ना!" बाईंनी नकाशा हलकेच सरकविला, बोरखिंड कुंकवाखाली आली, आणि एसटी तेथे एवढा वळसा कां घालते, लाव्ह्याचा कोणता टणक थर आडवा आला आहे, ते सांगितले. मग काय विचारता! "आमचं घ्या!" "बाई, आधी आमचं!" ऐसी झोंबी लागली की ज्याचे गाव कुंकवाखाली येई तो बाकावर उभा राही आणि बाकीचे टाळ्या पिटीत. तास संपल्याची घंटा जाहली, ती पंतांखेरीज कोणी ऐकिली नाही.

गलका ओसरला तेव्हा बटणापाशी उभे सोपानराव हळूच बोलिले, "बाई, आमचं पण गाव घ्या की."

"कोणतं हो?"

"जांभूळपेठ."

पोरांनी भिंत धुंडाळिली, नाव सापडेना. बाईंस मात्र ठाऊक होते. त्यांनी नकाशा सरकवीत नेला, आणि कुंकू धरणाच्या निळ्या पाण्यात जाऊन थांबले. बाकांवर उभी पोरे खाली बसली.

"इथं नदी डावीकडं वळायची," बाई म्हणाल्या, "वळणावर वाळू साचायची. वाळूत तुम्ही काकड्या लावत असाल."

"कलिंगडं," सोपानराव म्हणाले. "लालबुंद. फोडलं की हे असं." आणि भिंतीकडे बोट केले.

"आणि देऊळ?"

"वळणावरच, उंचवट्याला."

"मग उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी तेच वर येत असेल."

"येतं. कळस दिसतो. दरवर्षी जातो मी बघायला," ऐसे बोलून किल्लेदारांनी जरीकाठाच्या खोळीने डोळे टिपिले, आणि ते पाहून बाईंसही भडभडून आले. मग बाईंनी काळे पेन घेऊन निळ्या रंगावर, कुंकवाशेजारी, जांभूळपेठ ऐसे ठळक लिहिले, आणि ते अक्षर न् अक्षर भिंतीवर उमटताना सर्वांनी पाहिले.

एवंच, त्या वर्षी भूगोल परगण्यास बाक पुरेनात, दोन बाक अर्थशास्त्राकडून मागून आणावे लागले, आणि खालशाचा हुकूम पंतांनी आपणच विसरून टाकिला. यंत्र पुढे मागेल त्यास मिळू लागले, परंतु सोपानराव बरोबर येत. नकाशा बाईंनी त्यांचेच हवाली केला, तो खोळीत यंत्राबरोबर राहू लागला. पुढील खंडेनवमीस पंतांनी ताकीद दिली की काचेवर कुंकू नको, आणि सोपानरावांनी ती मानून काच पाण्याने स्वच्छ केली आणि बोट यंत्राच्या पाठीस लाविले. दसरा जाहल्यावर बाई यंत्र न्यावयास गेल्या आणि नकाशा उलगडून पाहतात तो निळ्या पाण्यात, जांभूळपेठेच्या नावाशेजारी, कुंकवाचे एक बारीकसे बोट लागलेले. बाईंनी ते तैसेच राहू दिले. लेखनसीमा.