दिगंबरकाकांचा मोडेम

आमच्या शेजारचे दिगंबरकाका दूधवाल्यालासुद्धा मोडेम शिकवतात. शिकवतात म्हणजे एका सुरात लांब शीळ घालतात, मध्येच बोट वर करून "आता बदलला बघ" म्हणतात आणि पुन्हा तीच शीळ.

"काका, सूर तर तोच हाय," दूधवाला म्हणतो.

"बराबर. सूर बिलकुल बदलत न्हाई, आवाजाची लाट सरकती. आधीच्या लाटेपासून किती सरकली, त्यात निरोप राह्यतो."

"दूध किती देऊ?"

काका टेलिफोन खात्यात होते. जालन्यातल्या बँका आणि बियाणे कंपन्यांच्या तारांवर निरोप सुरात बदलून पाठवणारे मोडेम बसवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली.

गेल्या वर्षी काकूंना अर्धांगवायू झाला. वाचा गेली, हात उचलवेना, उरला फक्त एक 'हं'. मी याद्या करणारी बाई. पाणी, चहा, दुखतंय अशी चित्रं करून भिंतीला लावली. काकूंनी तिकडे पाहिलंही नाही. काकांनी मात्र मोडेम केला. पलंगाच्या दांडीवर अंगठ्याने संथ ठेका धरायचा आणि विचारायचं. 'हं' ठेक्यावर पडला तर हो, दोन ठेक्यांच्या मध्ये पडला तर नाही. चहात साखर कमी पडली तरी काकू असं सांगायच्या.

परवा काकांना हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. चार दिवस दवाखाना.

"ठेका शिकून घ्या ताई. मंग मी निवांत जातो."

मी दांडीवर ठेका धरला. "काकू, पाणी देऊ?" हं ठेक्याच्या अलीकडे आला. पुन्हा विचारलं, तर ठेक्यावर. तिसऱ्यांदा भलतीकडेच. काकूंची नजर खिडकीबाहेर होती.

"तुमचा हात हलून राह्यलाय. सरका." काका बसले. "पाणी पिती का?"

हं येताच अंगठा पडला. पुढच्या प्रश्नालाही तसंच. हं लांबला, की अंगठा हवेत थांबून वाट पाहायचा.

"बघा, हो म्हणती."

"हो काका," मी म्हणाले.

मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "चार दिवस जाऊ का गं मी?"

हं आला. अंगठा तसाच वर राहिला आणि हं विरून गेल्यावर हळूच दांडीवर टेकला.

"न्हाई म्हणती," काका म्हणाले.

मी अंगणात येऊन दवाखान्याला फोन लावला आणि पुढची तारीख मागून घेतली.